चौदाशे त्रेपन्न

एकतीस वर्षं मी शिरपूरच्या शाळेत
कॉन्स्टँटिनोपल पाडत आलो.
दर जुलैत, नववी ब, तिसरा तास :
डस्टरच्या एका फटक्यात तट कोसळायचा,
पोरं खाली मान घालून लिहायची,
इ.स. १४५३, तुर्कांनी खुश्कीचा मार्ग रोखला.
एका मार्काचा प्रश्न.

भिंतीवरच्या नकाशात ते शहर
माझ्या बोटाच्या पेराखाली झाकलं जायचं.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा
बडगुजरांच्या पोरानं आमची नावं घातली,
नऊ दिवस, नाश्त्यासकट.
वत्सलानं तिखट शेव घेतली, तिळाची चटणी,
आणि माझ्या पायमोज्यात गुंडाळून लसणाचा ठेचा.
तिथल्या विमानतळावर एका शिपायानं तो हुंगला
आणि डोळे पुसत, अदबीनं परत केला.

मग ते शहर.
डोक्यावर कड्यांसारखे पाव रचून चाललेला माणूस,
चहाच्या पेल्याला कानच नाही,
बोटीमागे ओरडत येणारे पांढरे पक्षी.
दोन खंडांच्या मधोमध मी उभा होतो, अंगावर काटा,
आणि वत्सला पाण्याकडे बघत म्हणाली,
एवढं मोठं, आणि सगळं खारट!
तिनं मनात तापी मोजली असणार.

त्या थोरल्या घुमटाखाली
मी भाषण तयार ठेवलं होतं.
वजन कमानीवरून खाली कसं उतरतं,
खिडक्यांची ओळ का, उजेड कुठून.
नेहेते फोटोत गुंतले, बाकीचे पाणी शोधत होते,
उरली एक विद्यार्थिनी.
तिनं चप्पल काढून फरशीवर पाय टेकले,
खांबाला तळहात लावला, आणि म्हणाली,
मन्हा माहेरना घुमटमा बी असाच गारवा ऱ्हास.

कुठला घुमट?

थाळनेरचा. दुसरा कुठला.
एप्रिलात घराचे पत्रे तापायचे,
आत बसवायचं नाही,
म्हणून ती पुस्तक घेऊन तापीकाठच्या
त्या आठ कोनांच्या कबरीत जायची.
कुणी राजा निजलेला, त्याच्या उशाशी बसून
वार्षिक परीक्षेचं पाठांतर.
राहत नव्हत्या त्या सनावळ्या
कोळशानं भिंतीवर लिहून ठेवायची.
(सरकारची पाटी तेव्हा लागली नव्हती, हे तिनं हळूच सांगितलं.)
सगळ्यात वर, दोनदा गिरवलेला,
चौदाशे त्रेपन्न.

अर्ध्या तासाची काळी-पिवळी, शाळेपासून थाळनेर.
दर दिवाळीला गेलो.
मांडे खाल्ले, ओट्यावर पान लावलं,
दुपारी ताणून दिली, संध्याकाळच्या गाडीनं परत.
नदीकडे कधी पाय वळला नाही.
सासुरवाडीला इतिहास नसतो
असं मी कुठेतरी धरून चाललो होतो.

बाहेर आलो. उन्हात दगडावर एक मांजर
शहर आपल्याच बापाचं असल्यासारखं पसरलेलं.
बडगुजरांचा पोरगा छत्री उंच धरून
आमची डोकी मोजत होता.

वत्सला मागे वळून वर बघत राहिली.
पाडलं म्हणायचे ते हेच ना?
हेच.
मग उभं कसं?
मी पाठ केलं तेव्हा वाटायचं,
त्यानंतर तिथं काहीच उरलं नसणार.
नुसतं मैदान, आणि ढोरं.

मी तोंड उघडलं.
एकतीस वर्षांत हा प्रश्न
एकाही पोरानं विचारला नव्हता.
छत्री हलली, आम्ही रांगेत लागलो.

थाळनेरला अजून जाणं झालेलं नाही.
ऊन उतरू द्या, म्हणते, माझे गुडघेही.
अक्षरं असतील का, हे मी विचारत नाही.
फ्रिजवर तिकडून आणलेला निळा काचेचा डोळा आहे,
त्याच्याखाली दाबलेलं विजेचं बिल.
पाण्याची बाटली काढताना तो माझ्याकडे बघतो,
आणि मी उगाच
दोन्ही तळवे एकमेकांवर झटकतो,
खडू नसलेले.